त्र्याण्णव न्यूटन

१ सप्टेंबर, सोमवार

किलो! हा गृहस्थ बल किलोत सांगतो! स्टाफरूमच्या दारात उभा, गळ्यात ती शिट्टी, अंगात तो घामट ट्रॅकसूट — ‘सर, बॉल डोक्याला किती किलोने लागतो, तेवढं काढून द्याल का?’ मी म्हटलं, किलोने बटाटे घेतात. बल न्यूटनमध्ये मोजतात. तर हसला! मी अपमान केला हेसुद्धा त्याला कळलं नाही.

हा आमचा क्रीडाशिक्षक. अख्खं कॉलेज त्याला शिट्टी म्हणतं, तोंडावर म्हणतं, आणि त्याला त्याचं काही नाही. अठरा वर्षं मी याच्या शिट्टीच्या आवाजात शिकवतोय. माझ्या वर्गाच्या खिडक्या नेमक्या मैदानाकडे. खिडक्या लावल्या की उकडतं, उघडल्या की हा बोंबलतो. बदली मागून पाहिली — वर्गाची, त्याची, दोन्ही. काही झालं नाही.

भानगड अशी. मुलींच्या फुटबॉल संघात एक उंच पोर आहे, बचावाला खेळते. येईल तो बॉल डोक्याने परतवते म्हणून तिला भिंत म्हणतात. तिचं म्हणे डोकं दुखतं. आईने प्राचार्यांना अर्ज दिलाय — डोक्याने बॉल मारायचा सराव बंद करा, नाहीतर मी मुलीला संघातून काढते. निर्णय घ्यायचा म्हटलं की आमचे प्राचार्य तो दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. म्हणून ‘शास्त्रीय अहवाल’ मागवला. मार कमी निघाला तर सराव चालू, जास्त निघाला तर बंद. आणि शास्त्र म्हणजे मी! प्रयोगशाळेचा नळ गळतोय म्हणून तीन अर्ज दिले, तेव्हा कोणाला शास्त्र आठवलं नाही.

२ सप्टेंबर

भिंत माझ्याच वर्गात आहे. दुसरं वर्ष, शेवटचा बाक. आज मुद्दाम तेच गणित घातलं. बॉल सेकंदाला अठरा मीटर वेगाने आला, डोक्याला लागून आठच्या वेगाने उलट गेला. वेगातला बदल किती? चाळीसपैकी चौतीस जणांनी लिहिलं — दहा. अठरातून आठ गेले दहा! अरे, दिशा बदलली ना? आधी येणारा बॉल थांबवायचा, मग मागे पाठवायचा, दोन्ही कामं त्या बिचाऱ्या टाळक्यानेच करायची. अठरा अधिक आठ. सव्वीस! दरवर्षी सांगतो. दरवर्षी नवे दगड येऊन बसतात.

भिंतीनेही दहाच लिहिलेलं. म्हटलं, ‘बाई, तू तर रोज डोक्यावर घेतेस हे गणित. निदान तुला तरी यायला हवं होतं.’ वर्ग हसला. ही उभी राहून म्हणते, ‘सर, मी मोजत नाही. मारते.’ वर्ग पुन्हा हसला, आणि जास्त हसला. आगाऊ कार्टी!

३ सप्टेंबर

शिट्टीने कुठल्याशा क्लबातून वेग मोजायची बंदूक मागून आणलीय. जिन्यात माझ्यावरच रोखली. ‘सर, तुमचा वेग एक पूर्णांक दोन!’ पन्नाशीचा घोडा.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मैदानावर गेलो. बुटांची वाट लागली.

शिट्टी कॉर्नरवरून बॉल मारत होता, भिंत उडी मारून डोक्याने परतवत होती. मी बंदूक धरून. येतानाचा वेग अठराच्या आसपास, जातानाचा आठच्या. माझं वर्गातलं गणित जसंच्या तसं! दर दहा बॉलनंतर शिट्टी धावत जाऊन तिच्या कपाळावर थंड पाण्याची बाटली धरायचा आणि तोंड वाकडं करून काहीतरी विचारायचा. ती मान हलवायची. एवढे लाड मी माझ्या पीएच.डी.च्या गाईडकडून करून घेतले असते तर आज कुठे असतो!

त्याने फोनवर चित्रण केलं. बॉल डोक्याला किती वेळ टेकतो ते मला हवं होतं, त्याशिवाय बल निघत नाही. जितका वेळ कमी तितकं बल जास्त — हे त्याला दोनदा समजावलं. मान डोलावली, म्हणजे कळलं नाही. जाताना ओरडला, ‘क्लिप पाठवली सर, स्लोची आहे बरं का!’ मनात म्हटलं, तूही स्लोचाच आहेस.

६ सप्टेंबर, शनिवार

झाला अहवाल. दोन तासांचं काम, त्यातला एक तास शुद्धलेखनात गेला.

क्लिप आवाज बंद करून पाहिली. त्याची शिट्टी घरात नको! बॉल कपाळाला टेकतो, दबतो, फुगतो, सुटतो. खाली सेकंदांचा काटा. टेकल्यापासून सुटेपर्यंत शून्य पूर्णांक बारा सेकंद. बॉलचं वस्तुमान चारशे तीस ग्रॅम, वेगातला बदल सव्वीस. गुणाकार करा, वेळेने भागा — त्र्याण्णव न्यूटन. सरासरी बल. शिट्टीच्या भाषेत साडेनऊ किलो! बाजारातून आणलेली भरली पिशवी! एवढ्यासाठी अर्ज, अहवाल, बंदूक आणि माझे बूट.

‘सदर बल मानवी मस्तकास सहज सोसण्याजोगे आहे.’ हे वाक्य चांगलं जमलंय.

हिला वाचायला दिलं. ही छापखान्यात मुद्रितं तपासते, त्यामुळे घरातल्या किराणा यादीवरसुद्धा लाल पेन चालतं. म्हणाली, ‘तीन स्वल्पविराम जास्तीचे आहेत. आणि वेळ एकदाच मोजला का?’ म्हटलं, तू स्वल्पविराम बघ.

८ सप्टेंबर, सोमवार

भिंतीची आई आली. कपडे लहान-मोठे करून देण्याचं दुकान आहे तिचं. गळ्यात टेप तशीच, बाहीला दोन टाचण्या खोचलेल्या. प्राचार्यांनी अहवालाची प्रत तिच्या हातात देऊन माझ्याकडे पिटाळलं.

‘सर, त्र्याण्णव म्हणजे खूप की थोडं?’

‘साडेनऊ किलो. तुम्ही कापडाचा गठ्ठा उचलता ना डोक्यावर, तेवढं.’

‘गठ्ठा मी हळूच ठेवते, सर. आपटत नाही.’

म्हटलं, बाई, आपटणं त्यात धरलेलं आहे, म्हणून तर वेळेने भागलं. तर म्हणे, ‘मग तिचं दुखतं कशाने?’ मी म्हणालो, ‘अभ्यासाची सवय नसली की दुखतं.’ स्टाफरूममध्ये दोघे-तिघे हसले. ती हसली नाही. अहवालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. ‘तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही म्हणताय म्हणजे असेल.’ अर्ज मागे घेतल्याची सही करून गेली.

आकड्यापुढे माणसं कशी गप्प होतात! यासाठीच मी भौतिकशास्त्र घेतलं.

९ सप्टेंबर

शिट्टी: ‘सर, साडेनऊच? मी हाताने अडवला तरी पंजा झिणझिणतो हो.’ विचारलं, झिणझिण्या हे एकक कुठल्या पुस्तकात आहे? डोकं खाजवत गेला.

११ सप्टेंबर, गुरुवार

बैठकीत प्राचार्यांनी अहवाल वाचून दाखवला. ‘मस्तकास’ला अडखळले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांना न्यूटन म्हणजे सफरचंद एवढंच माहीत आहे त्यांनी जास्त. शिट्टीने सगळ्यांत जोरात. सराव चालू ठेवायचा असं ठरलं. नळाचं काय, म्हणून विचारलं — पुढच्या बैठकीत.

१५ सप्टेंबर, सोमवार

झालं ते लिहून टाकतो.

वर्गात तीच क्लिप पडद्यावर लावली. म्हटलं, बघा गाढवांनो, खरं बल कसं काढतात ते. वर्गातल्या स्पीकरचा आवाज बंद करायचा राहिला. शिट्टी बॉल मारण्याआधी शिट्टी वाजवतो, ती ऐकू आली — पण शिट्टी नव्हतीच ती! जाड, लांबलचक, म्हैस हंबरते तसा आवाज. आणि मग त्याचंच ‘मा... ऽऽ... र’, विहिरीतून आल्यासारखं. वर्ग हसून हसून बाकांखाली गेला.

भिंत हसता हसता म्हणाली, ‘सर, स्लोमधली आहे ही! फोनमध्ये आठपट हळू दिसते.’

आठपट. तो काटा खऱ्या सेकंदांचा नव्हताच. हळू केलेल्या चित्राचा होता. बॉल डोक्याला बारा शतांश सेकंद टेकत नाही, त्याच्या आठव्या हिश्श्याइतका टेकतो. पंधरा सहस्रांश. फळ्याकडे तोंड करून मनात भागाकार केला. सातशे पंचेचाळीस. त्र्याण्णव नाही. सातशे पंचेचाळीस! शहात्तर किलो! आणि ही सरासरी आहे. बॉल पुरता दबतो त्या क्षणाला याच्या दीडपट-दुप्पट.

त्याने सांगितलं होतं. ‘स्लोची आहे बरं का.’ माझ्याच अक्षरात वर लिहिलेलं आहे, जोक मारून.

वर्गातल्या एकालाही कळलं नाही. चाळीस जण म्हशीवर हसत राहिले. आठपट हळू म्हणजे बल आठपट जास्त, हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही. त्यांना शिकवतो कोण? मी. घंटा झाली तसा सुटलो.

उद्या पहिल्या तासाला प्राचार्यांकडे.

१६ सप्टेंबर

नाही गेलो. दोन तास लागोपाठ होते.

शिवाय घाई कसली? ती मुलगी काही आजपासून खेळत नाहीये. तीन वर्षं खेळतेय, जिवंत आहे, उलट उत्तरं देतेय. आकडा बदलला म्हणून काही बॉल जड होत नाही. आणि मस्तकास किती सोसतं ते मला कुठे ठाऊक आहे? मी काय डॉक्टर आहे? मग ते वाक्य लिहिलंस कशाला, असं कोणी विचारलं तर — विचारणार कोण! इथे कोणाला प्रश्न विचारता येतो?

एका बाईला आला होता.

१७ सप्टेंबर, बुधवार

जिन्यात भिंत समोर आली. ‘सर, थँक्यू हं! तुमच्या रिपोर्टनंतर आई गप्प झाली. शनिवारी निवड आहे, विद्यापीठाच्या संघाची. कॉर्नर सगळे माझ्याकडेच देणारेत.’

विचारलं, डोकं?

‘दुखतं. पण त्र्याण्णवच आहे ना, सर? म्हणजे माझ्याच मनाचे खेळ असणार. परवा फळ्यावरच्या ओळी दोन-दोन दिसत होत्या, पण तुमचं अक्षरच तसलं आहे.’ आणि हसली. माझ्याशी कोणी असं हसून बोलत नाही.

सांगायचं ना! तोंड उघडायचं, चार शब्द — पोरी, माझं चुकलं, खेळू नकोस. मी काय म्हणालो? ‘धड्याच्या शेवटची गणितं करून आण.’ करते म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या उड्या मारत गेली. शेवटच्या पायरीवर कठडा धरून जरा थांबली, मग गेली.

मी नालायक आहे. हे लिहून काही होत नाही, तरी लिहितो.

१८ सप्टेंबर

हिला सांगितलं. जेवताना. वाटलं ओरडेल. शांतपणे म्हणाली, ‘मग शुद्धिपत्र काढा. आमच्याकडे दर पुस्तकाला निघतं. अमुक पानावर अमुक वाचावे. एक चिठ्ठी चिकटवायची, झालं.’

‘आणि शिट्टीसमोर काय तोंड दाखवू? अठरा वर्षं त्याला मी —’

‘अठरा वर्षं तुम्ही त्याला काय म्हणता, ते मी रोज ऐकते. एक दिवस त्याने म्हटलं तर काय बिघडलं?’

‘तो गावभर सांगत सुटेल.’

‘तुम्हाला तिच्या डोक्याची काळजी आहे की स्वतःच्या नाकाची?’

मी म्हटलं, त्या भिंतीच्या आईसारखी बोलू नकोस. ताट उचलून आत गेली. भांडी जरा जास्तच वाजली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

चार वेळा लिहिलं शुद्धिपत्र. पहिलं: ‘उपकरणाच्या मर्यादांमुळे’. उपकरण कसलं, माझे डोळे! दुसरं: ‘क्रीडा विभागाने पुरवलेल्या चित्रणातील दोषामुळे’. हे लिहिताना फार सुचत गेलं, अर्धं पान झालं. फाडलं. तिसरं: ‘नजरचुकीने’. चौथं: ‘माझी चूक झाली. वेळ आठपट जास्त धरला. बल त्र्याण्णव नसून सातशे पंचेचाळीस न्यूटन. सराव ताबडतोब थांबवावा.’ सही.

घेऊन खाली गेलो तर प्राचार्य बाहेरगावी. क्लार्क म्हणाला, सोमवारी या. टेबलावर ठेवून येता आलं असतं. क्लार्कच्या हातात देता आलं असतं. मैदान तर साठ पावलांवर. शिट्टी तिथेच होता, उद्याच्या निवडीसाठी कॉर्नर मारत होता. वर्गाच्या खिडकीत उभा राहिलो. शिट्टी वाजायची, बॉल यायचा, ती उडी मारायची. मोजत राहिलो. कपाळावर बाटली धरायला तो दोनदा गेला.

बावीस मोजले. मग खिडकी लावली.

कागद खणात आहे. सोमवारी पहिलं काम हेच. कुलूप लावलंय खणाला — का लावलं, कोण चोरणार आहे?

२० सप्टेंबर, शनिवार

साडेअकराला शिट्टीचा फोन. तिसऱ्या कॉर्नरनंतर ती खाली बसली. आपला गोल कुठला ते सांगता येईना. दवाखान्यात नेलंय, उलट्या होतायत, आईला ओळखते. डॉक्टर विचारतायत, रोजचा मार केवढा असतो.

‘सर, त्र्याण्णवच सांगू ना?’

‘नाही. सातशे पंचेचाळीस.’

फोन लांब धरून त्याने डॉक्टरांना आकडा सांगितला. मग त्याने विचारलं, ‘कधी कळलं, सर?’

‘सोमवारी,’ मी म्हणालो.